मोठ्या सॅकला कुलूप, पाऊच उशीखाली: रात्रीच्या बसमधल्या एका चोरीचं प्रकरण

पहिल्यांदाच एकट्याने आणि कमी पैशांत फिरायला निघणाऱ्यांसाठी आम्ही काही जण पुण्यात अधूनमधून बैठक घेतो. सामानाच्या सुरक्षेचा विषय निघाला की बहुतेकांना कुलूप कोणतं घ्यायचं आणि साखळी किती जाड हवी एवढंच ऐकायचं असतं. आम्ही आता त्याऐवजी हे प्रकरण सांगतो. ज्या मुलीच्या बाबतीत हे घडलं तिची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला मधुरा म्हणू.

## पार्श्वभूमी

मधुरा मूळची बार्शीकडची. हिंजवडीत नोकरी करते आणि कर्वेनगरला दोन मुलींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. हंपी आणि गोकर्ण असा बारा दिवसांचा बेत होता, बजेट चौदा हजारांचं. म्हणजे डॉर्ममधला बेड, जमेल तिथे सरकारी बस, दुपारी थाळी आणि रात्री केळी-बिस्किटं.

तिची तयारी वाईट नव्हती, हे आधीच सांगायला हवं. बोहरी आळीतून तिने एक बारीक साखळी आणि दोन कुलपं आणली होती. एक आकडे जुळवून उघडायचं, सॅकच्या चेनसाठी. दुसरं किल्लीचं, डॉर्मच्या लॉकरसाठी, कारण स्वस्त ठिकाणी लॉकर असतो पण कुलूप आपलं आणावं लागतं. रोख रक्कम तीन ठिकाणी वाटलेली: थोडी पाकिटात, थोडी सॅकच्या आतल्या कप्प्यात, आणि दोन हजार सॅनिटरी पॅडच्या पाकिटात. (ही तिसरी जागा आमच्या बैठकीतल्या मुलींनीच सुचवलेली. आम्हा पुरुषांच्या डोक्यात ती आली नसती.) फोनच्या कव्हरमागे पाचशेची एक नोट होती. चेक-इनला आधारची मूळ प्रत हातात न देता शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क्ड प्रत ती दाखवत होती.

हंपीत ती नदीपलीकडे आनेगुंदीच्या बाजूला राहिली. तुंगभद्रेत गोल नावेतून जाताना फोन प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून गळ्यात. गोकर्णला कुडले बीचवर पाण्यात उतरायचं तर डॉर्ममधल्या दोघींशी पाळी लावून: एक पाण्यात, दुसरी सामानापाशी. बारा दिवसांत सुईसुद्धा हरवली नाही.

घरच्यांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. निघताना बाबा म्हणाले होते, "कुलपं कसली लावतेस, पैसे अंगावर ठेव." आजी पंढरपूरला जाताना नोटा कनवटीला लावायची, तो दाखला त्यांनी दिला. शिवाय पाऊचमध्ये घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायला लावली. मधुराने हसत हसत ठेवली. वहीच्या कागदाचा चौकोनी तुकडा, दोन घड्या घातलेला, वर निळ्या पेनाने भावाचं नाव आणि नंबर.

## नेमकं काय झालं

परतीची खासगी स्लीपर बस गोकर्णहून संध्याकाळी निघाली. हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत पहाटे पुण्यात पोचणारी. मोठी सॅक डिकीत जाणार होती. डिकीत पैसे ठेवायचे नाहीत हे तिला माहीत होतं, म्हणून सॅकमधली आणि पॅडच्या पाकिटातली रोख तिने बाहेर काढली. कव्हरमागची नोट दुपारच्या जेवणात मोडली होती. उरलेले सव्वीसशे रुपये, दोन डेबिट कार्डं, आधार, लायसन्स आणि डिकीतल्या सामानाचं टोकन असं सगळं एका कमरेच्या पाऊचमध्ये आलं. अंगात बिनखिशाची ट्रॅकपँट. (मुलींच्या कपड्यांना खिसे का शिवत नाहीत हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण या प्रकरणात त्याचा वाटा आहे.) झोपताना पाऊच टोचायला लागला म्हणून काढून उशीखाली ठेवला. फोन बर्थच्या सॉकेटमध्ये चार्जिंगला.

कोल्हापूर सोडल्यावर रात्री दीडच्या सुमाराला बस एका ढाब्यावर थांबली. क्लीनरने पंधरा मिनिटं ओरडून सांगितली. फोनला आठ टक्के चार्जिंग होतं, म्हणून तिने तो तसाच लावून ठेवला, पाऊच चाचपला, उशी त्यावर नीट केली, पडदा ओढला आणि बाथरूमला गेली. परत आली तेव्हा केबल लोंबकळत होती. उशी सरकलेली, पाऊच नाही. दार उघडंच होतं. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघंही चहाला गेले होते.

## अडचण: फोन गेला एवढीच नव्हती

इथे जरा थांबायला हवं, कारण या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

गेलेला माल पैशांत मोजला तर फार नव्हता. दीड वर्ष जुना फोन आणि सव्वीसशे रुपये. पण त्या एका पाऊचमध्ये आणि केबलच्या टोकाला मधुराचे पैसे देण्याचे सगळे मार्ग, कुणाला फोन करण्याचे सगळे मार्ग आणि 'मी मधुरा आहे' हे सिद्ध करण्याचे सगळे मार्ग एकत्र होते. शिवाय चोराच्या दृष्टीने तो पूर्ण संच होता. नव्या फोनमध्ये यूपीआय सुरू करायला त्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. यूपीआयचा पिन नव्याने ठेवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि सिमवर येणारा ओटीपी लागतो. काही बँका वर एटीएमचा पिनही विचारतात. दुसरा मार्ग आधारचा: त्याचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी. सिम, कार्ड, आधार. फोन स्क्रीन लॉक असला तरी सिम दोन मिनिटांत काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं, आणि मधुराच्या सिमला पिन (सिम सुरू होताना विचारला जाणारा आकडा) नव्हता.

कार्डांचं आणखी एक. दुकानातल्या मशीनवर नुसतं टेकवून पाच हजारांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो. ही मर्यादा रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2021 पासून दोन हजारांवरून वाढवली. ती सोय कार्डावर चालू आहे की बंद, हे बँकेच्या ॲपमध्ये दिसतं आणि तिथेच बंदही करता येतं. मधुराने कधीतरी मॉलमध्ये चालू केली होती आणि विसरून गेली होती.

म्हणजे बारा दिवस तिने जे वाटून ठेवलं होतं ते शेवटच्या रात्री एका जागी आणलं. निष्काळजीपणाने नाही, डिकीला घाबरून, म्हणजे काळजीपोटीच.

## समोरचे पर्याय

ढाब्यावर तिच्यासमोर चार वाटा होत्या. विचार करायला वेळ फार तर पाच मिनिटं, कारण ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

पहिली, बस थांबवून झडती. तिने ड्रायव्हरला विचारलं. त्याने बसमधले दिवे लावले, क्लीनरने बर्थखाली पाहिलं, दोघा-तिघा प्रवाशांनी आपल्या बॅगा स्वतःहून उघडून दाखवल्या. बाकीचे पडदे ओढून पडून राहिले. प्रवाशांच्या बॅगा तपासण्याचा अधिकार ना तिला होता ना ड्रायव्हरला. शिवाय घेणारा बसमधलाच असेल असंही नव्हतं.

दुसरी, तिथून 112 ला फोन करून पोलीस येईपर्यंत बस थांबवून ठेवायची. ड्रायव्हरने तोंड वाकडं केलं. "तास-दोन तास जातील, ताई. पुढं सगळ्यांना ऑफिस आहे." मागून कुणीतरी "चला हो आता" म्हणालं.

तिसरी, ढाब्यावर उतरायचं आणि जवळचं पोलीस ठाणं गाठायचं. रात्री पावणेदोनला, पैसे नाहीत, फोन नाही, ओळखपत्र नाही, हमरस्त्यावर एकटी.

चौथी, बसमध्ये बसून पुण्याला जायचं, वाटेत जे ब्लॉक करता येईल ते करायचं आणि तक्रार पुण्यात नोंदवायची.

तिने चौथी निवडली. तिसरी तिने क्षणात बाद केली आणि ते बरोबरच होतं. गेलेल्या फोनपायी स्वतःला आणखी अडचणीत घालायचं नसतं. खरी तुलना दुसरी आणि चौथी यांच्यात होती. त्यावर आमच्यात अजून एकमत नाही, पुढे येईलच.

## काय केलं, कोणत्या क्रमाने

समोरच्या बर्थवर सांगलीच्या एक काकू होत्या, मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघालेल्या. त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला. "घे बाळ, कुणाला लावायचाय त्याला लाव."

कुणाला, हाच प्रश्न. मधुराला पाठ असलेला नंबर एकच, आईचा. तोही वर्षानुवर्षं न बदललेला म्हणून. दोन वाजता बार्शीत फोन वाजला, आई दचकून उठली, पहिली दोन मिनिटं मुलगी धड आहे ना याची खात्री करण्यात गेली. मग फोन दादाकडे गेला आणि कामं सुरू झाली.

पहिलं काम त्यांनी काढलं फोन शोधण्याचं. काकूंच्या फोनवरून मधुराने गुगलमध्ये लॉग-इन करून पाहिलं. पासवर्ड बरोबर, पण पुढची परवानगी मागितली गेली चोरीला गेलेल्या फोनवर. दादानेही त्याच्याकडून प्रयत्न केला, तीच भिंत. अशा वेळेसाठी दहा बॅकअप कोड आधी छापून घेता येतात, ते तिने घेतले नव्हते. शेवटी आठवलं की कर्वेनगरच्या फ्लॅटवर तिचा लॅपटॉप आहे आणि त्यावर खातं उघडंच असतं. पण रूममेटचा नंबर? तो आईकडे होता. दोघींचेही होते, फ्लॅट घेतला त्या दिवशी "वेळेला असावेत" म्हणून लिहून घेतलेले.

रूममेटने लॅपटॉप उघडला. फोन शेवटचा दिसला होता त्याच ढाब्यावर, 1 वाजून 34 मिनिटांनी. नंतर बंद. आता लॉक करायचा की सगळा डेटा पुसायचा? पुसण्याचा हुकूम एकदा अमलात आला की त्या मार्गाने फोनचा ठावठिकाणा पुन्हा दिसत नाही. शिवाय त्यात बारा दिवसांचे फोटो होते. बॅकअप 'फक्त वायफायवर' अशी सेटिंग होती आणि डॉर्मचं वायफाय नावापुरतंच होतं. त्यांनी रात्री फक्त लॉक केला, स्क्रीनवर दादाचा नंबर टाकला आणि पुसण्याचा निर्णय सकाळवर ठेवला. माझ्या मते हे योग्य होतं. स्क्रीन लॉक मजबूत असेल तर काही तासांनी बिघडत नाही.

पण या सगळ्यात पाऊण तास गेला, आणि सिम अजून चालूच होतं. ते ब्लॉक झालं पावणेतीनला, दादाने त्याच कंपनीच्या आपल्या सिमवरून ग्राहक सेवेला फोन लावून. पहिलं कार्ड तीनच्या सुमाराला. त्या बँकेचा हेल्पलाइन नंबर निघण्यापूर्वी तिने दादाला मेल केलेल्या कागदावर होता. तो कागद आम्ही सगळ्यांना भरायला देतो. मधुराने अर्धा भरला होता. दुसऱ्या बँकेची ओळ रिकामी, फोनच्या आयएमईआय क्रमांकाचीही (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) रिकामी. दुसरं कार्ड जुन्या नोकरीतल्या पगारखात्याचं, क्वचित वापरातलं. त्या गडबडीत ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

कात्रजचा बोगदा ओलांडून बस उतारावर आली तेव्हा साडेपाच होत आले होते. सॅक घ्यायला टोकन हवं, आणि टोकन पाऊचमध्ये. क्लीनर नियमावर अडला. मधुराने त्याला सॅक दाखवली, वरच्या कुलपाचा नंबर आधी तोंडी सांगितला आणि मग त्याच्यासमोर फिरवून उघडला. मळके कपडे बघून त्याने मान हलवली. त्या महागड्या कुलपाचा साऱ्या प्रवासातला खरा उपयोग हा एवढाच. रूममेट स्कूटर घेऊन आली होती.

पुढचा टप्पा पोलीस ठाणं. जवळच्या ठाण्यात ठाणे अंमलदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हद्द आमची नाही. गहाळचा दाखला देतो, सिमकार्डाला तेवढा चालतो." ढाबा कोणत्या हद्दीत हेही तिला सांगता येईना. कोल्हापूर सोडल्यावर त्या रस्त्यावर काही अंतर सांगली जिल्हा लागतो आणि मग कराडपासून सातारा. इथे दुसरा मोठा निर्णय होता. गहाळचा दाखला दहा मिनिटांत मिळाला असता आणि रात्रभर न झोपलेल्या माणसाला दहा मिनिटं फार मोलाची वाटतात. पण गहाळ म्हणजे हरवलं. त्यावर तपास होत नाही. आणि तिचा फोन हरवला नव्हता, केबलमधून उपसून नेला होता.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. पोलिसांच्या भाषेत शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे वर्ग करतात. फिर्यादीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. दादाने हे फोनवर तिला वाचून दाखवलं. तिने वाद घातला नाही, फक्त म्हणाली, "साहेब येईपर्यंत थांबते, मला चोरीची फिर्याद द्यायची आहे." साडेदहाला वरिष्ठ आले. मधुराने बसचं तिकीट मेलमधून छापून दिलं, बस कंपनीकडून ढाब्याचं नाव घेतलं आणि जबाब झाला. माल किंवा प्रवासी नेणाऱ्या वाहनातल्या वस्तूंच्या चोरीला भारतीय न्याय संहितेत कलम 305 आहे, साध्या चोरीपेक्षा जास्त शिक्षेचं. ते लागलं.

सिमची दुसरी प्रत दुपारी मिळाली. आधार कार्ड नसलं तरी दादाच्या मेलमध्ये त्याची प्रत होती, त्यावरचा क्रमांक आणि अंगठा यावर काम झालं. मात्र सिम बदललं की पहिले चोवीस तास एसएमएस बंद असतात. फसवणूक टाळण्यासाठीच तो नियम आहे. पण त्याचा अर्थ असा की हातात नवं सिम असूनही तिला ना बँकेचा ओटीपी येत होता ना यूपीआय सुरू होत होतं. तो दिवस तिने बँकेत पासबुक नेऊन, स्लिप भरून काढलेल्या पैशांवर काढला. आयुष्यात पहिल्यांदाच ती स्लिप भरली, असं ती म्हणते.

दुसऱ्या दिवशी संचार साथीच्या सीईआयआर पोर्टलवर (चोरीचे-हरवलेले फोन बंद पाडण्याची सरकारी सोय) फोन ब्लॉक करायची विनंती टाकली. त्याला फिर्यादीची प्रत, ओळखपत्राची प्रत, आयएमईआय क्रमांक आणि ओटीपीसाठी चालू नंबर लागतो. दोन सिमच्या फोनला आयएमईआयही दोन असतात. ते फोनच्या खोक्यावर मिळाले. खोका टाकून दिला नव्हता हे नशीब.

## निष्पत्ती

सिम आणि पहिलं कार्ड वेळेत बंद झाल्याने यूपीआयमधून काही गेलं नाही. दुसऱ्या कार्डावर मात्र सकाळी सात वाजून काही मिनिटांनी एका पेट्रोल पंपावर 1,900 रुपये टेकवले गेले. पिनशिवाय. मेसेज येणारा नंबर बंद असल्याने ते तिला तिसऱ्या दिवशी कळलं. बँकेला कळवण्याआधीचा व्यवहार म्हणून बँकेने पैसे परत केले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाचा रोखही तसाच होता: ग्राहकाच्या हयगयीमुळे झालेलं नुकसान, बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. इथे हयगय होती की नाही यावर भांडता आलं असतं, पण 1,900 रुपयांसाठी तिने ते सोडून दिलं. मी असतो तर निदान रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे एक अर्ज टाकला असता.

पाऊच सापडला. ढाब्यावर झाडलोट करणाऱ्या बाईंना तो बाथरूममागच्या भिंतीपाशी दिसला. रोख आणि कार्डं गेलेली, आधार आणि लायसन्स आत, आणि ती दोन घड्यांची चिठ्ठी. त्यांनी चिठ्ठीवरच्या नंबरवर ढाब्याच्या मालकाला फोन करायला लावला. आठवडाभरात कुरियर आलं.

फोन मिळालेला नाही. पोर्टलवर तो ब्लॉक झालेला दिसतो, म्हणजे भारतातल्या नेटवर्कवर चालणार नाही. फोटोही गेले. ती अजून हळहळते ती त्यांच्यासाठी.

कागद पुण्याहून संबंधित ठाण्यात पोचायला काही दिवस लागले. तोपर्यंत ढाब्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जाऊन त्यावर नवं चढलं होतं. बसमधला कॅमेरा फक्त ड्रायव्हरच्या केबिनकडे होता. तपास तिथेच अडला.

## वेगळं काय करता आलं असतं

बैठकीत हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "पाऊच सोबत न्यायला हवा होता." खरं आहे, पण झोपेतून उठून बाथरूमला जाणारा माणूस कधीतरी काहीतरी मागे ठेवणारच. त्याने एकदाही चूक करू नये या आशेवर व्यवस्था उभी करता येत नाही. पाऊच गेला तरी काय उरलं पाहिजे, असा प्रश्न विचारला की उत्तरं सोपी होतात. एक कार्ड आणि पाचशे-हजार रुपये अंगातल्या कपड्यात, आतून शिवलेल्या खिशात. आजीची कनवटी म्हणजे तीच सोय. पण सगळंच कनवटीला लावणं हाही उपाय नाही. जून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात रेल्वेच्या प्रवाशाने कमरेच्या पट्ट्यात बांधलेले एक लाख रुपये प्रवासात चोरीला गेले होते, आणि न्यायालयाने ती रेल्वेच्या सेवेतली त्रुटी मानली नाही. बाबांना हे सांगितल्यावर ते थोडे गप्प झाले, असं मधुरा सांगते.

दुसरं, दोन कार्डं नेली होती ते चांगलंच, पण दोन्ही एकत्र ठेवली तर दुसरं नेण्याचा उपयोग काय? जुन्या खात्याचं कार्ड डिकीतल्या सॅकमध्ये, मोज्यात गुंडाळून ठेवलं असतं तर ते वाचलं असतं. डिकीत रोख ठेवू नये हे खरं, पण टेकवण्याची सोय बंद केलेलं कार्ड पिनशिवाय चोराच्या फारसं कामाचं नाही. मूळ आधार कार्ड न्यायची गरजच नव्हती. लायसन्स एक पुरे, बाकी डिजिलॉकरमध्ये. फक्त डिजिलॉकर उघडायलाही ओटीपी लागतो हे लक्षात ठेवून एक छापील प्रत सॅकच्या तळाशी.

सिमला पिन लावणं हे माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. फोनच्या सेटिंगमध्ये पाच मिनिटांत होतं. लावताना कंपनीचा मूळ पिन आधी विचारून घ्यावा, कारण तीनदा चुकला की सिम पीयूके मागतं, म्हणजे कंपनीकडूनच मिळणारा कुलूप उघडायचा आकडा. एवढं केलं असतं तर चोराने सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी उपयोग झाला नसता आणि पाऊण तासाच्या उशिराची धास्ती राहिली नसती.

क्रमाबद्दल: सिम, मग कार्डं, मग फोन शोधणं. मन उलट सांगतं. आपल्याला वस्तू परत हवी असते, म्हणून हात आधी नकाशाकडे जातो. दादालाही तेच झालं. आमच्या कागदावर आता हा क्रम सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात छापलेला आहे. आणि खाली एक ओळ वाढवली आहे: पाठ असलेले दोन नंबर लिहा, फोनमध्ये न बघता.

राहिला 112 चा प्रश्न. आमच्यातल्या एका मैत्रिणीचं ठाम मत आहे की मधुराने बसमधूनच 112 लावायला हवा होता, ड्रायव्हरने काहीही तोंड केलं तरी. स्थानिक पोलीस आले असते तर हद्दीचा घोळ झाला नसता, आणि कॅमेऱ्याचं चित्रण त्याच रात्री ताब्यात घेता आलं असतं. पाऊचही बहुधा तासाभरात भिंतीमागे सापडला असता. मला हे पटतं, पण अर्धंच. तीसेक माणसं हॉर्नच्या तालावर "चला चला" म्हणत असताना, खिशात एक रुपया नसताना, एकट्या मुलीने बस अडवून धरणं कागदावर लिहायला सोपं आहे. मधली वाट अशी होती की बस अडवून न धरता 112 ला फोन करून ठेवायचा, बसचा नंबर आणि ढाब्याचं नाव नोंदवून घ्यायला सांगायचं आणि निघताना ढाब्याच्या गल्ल्यावर चित्रण जपून ठेवायला सांगून जायचं. त्याला पाच मिनिटंही लागली नसती. मधुराला हे विचारलं तर ती म्हणते, त्या वेळी काकूंचा फोन आईला लावू की पोलिसांना, एवढंच डोक्यात होतं, आणि आजही ती आधी आईलाच लावेल.